निळ्याचं मॅचिंग

मॅच हा शब्द आमच्या घरात दिवसातून किती वेळा यायचा ते देवाला ठाऊक. विरार पूर्वेच्या बाजारात आमचं दुकान होतं, ‘उन्नती मॅचिंग सेंटर’. बाई साडी घेऊन यायची, “काका, याला मॅच द्या” म्हणायची आणि आमचे हे, म्हणजे दिनानाथ, रॅकमधून कापडाचं एकच थान खेचून तिच्या पदरावर टाकायचे. दुसरं थान काढणं त्यांना अपमानाचं वाटायचं. दुपारी गिऱ्हाईक पांगलं की कोपऱ्यातल्या टीव्हीवर क्रिकेटची मॅच. संध्याकाळी फोनवर लग्न जुळवणाऱ्या बाई, “उन्नतीची पत्रिका मॅच होत नाही हो” म्हणून सुस्कारा सोडणार. ह्यांचं म्हणणं, ज्या घरात मॅचिंगचा धंदा आहे त्या घरातल्या मुलीची पत्रिका जुळत नाही म्हणजे ज्योतिषाच्या नजरेतच खोट असणार.

उन्नती चंदनसारला इंग्रजी बोलण्याचे क्लास घ्यायची. ती एकदा म्हणाली, “आई, आपली माचिससुद्धा त्या मॅचवरूनच आली. आणि तोडीस तोड माणूस भेटला तर त्यालाही इंग्रजीत मॅच म्हणतात.” मी म्हटलं, मग तुझ्या बाबांना अजून तो भेटलेला नाही. हे गादीवर बसून ऐकत होते. खूश झाले. टोमणा कळला तर ना.

माझी जागा दाराशी, फॉल-पिकोच्या मशीनवर. ह्यांच्याकडून ब्लाउजचा पीस घ्यायचा, मग जाता जाता साडी माझ्याकडे फॉल लावायला टाकायची, अशी रीतच पडली होती. ह्यांचा एक नियम होता, आणि तो खरा होता: ट्यूबलाइटखाली रंग बघायचा नाही. पायरीवर यायचं, उजेडात धरायचं, मग बोलायचं. नाक असं वर. पण नजर खरोखर तशी होती, हे मी कबूल करते. रामा ग्रीन, चिंतामणी, मोरपंखी, आमसुली, डाळिंबी, त्यांच्यातही दोन-दोन भाऊबंद, सगळे ह्यांना नावानिशी ओळखायचे. दादरच्या पेढीवर तरुणपण गेलं, तिथे ही नजर कमावली आणि तिच्याच जोरावर विरारला गाळा घेतला.

आणि मग एक दिवस ह्यांनी नेव्ही ब्लू साडीला काळा पीस फाडला.

बाई गरीब होती. म्हणाली, “काका, हा जरा काळा वाटतोय.” झालं. ह्यांचा पारा चढला. “ताई, तुमच्या जन्माआधीपासून मी कापड फाडतोय. पटत नसेल तर दुसरं दुकान बघा.” ती बिचारी साडी छातीशी धरून निघून गेली. मी तो तुकडा उचलला, पायरीवर गेले. तव्याच्या बुडासारखा काळा.

रात्री जेवताना मी सरळ सांगितलं, “अहो, तो काळाच होता.” मला वाटलं, आता ताट सरकवतील, आवाज चढवतील. त्याची मला सवय होती. पण भाताचा घास हातातच राहिला. मग अगदी हळू म्हणाले, “माझे डोळे गेले तर मी काय करू गं? मला दुसरं येतं काय?”

लग्न झाल्यापासून त्या माणसाचा असा आवाज मी ऐकला नव्हता. ओरडणारा नवरा मला सांभाळता येत होता. हा असा बसलेला नवरा मला नको होता. मी म्हटलं, “नसेल हो, माझंच चुकलं असेल, संध्याकाळ होती.” दुसऱ्या दिवशी डॉक्टरचं नाव काढलं, तर म्हणाले, “रंग ओळखणारा माणूस डोळ्यात सुरी घालून घेतो का? पुन्हा विषय नको.” बरं, नको तर नको. मी मनाशी ठरवलं, हा माणूस गादीवरून उठता कामा नये. त्यासाठी जे करावं लागेल ते मी करीन, आणि ह्यांना कळू देणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तेव्हापासून मी बदलाबदली सुरू केली. ह्यांनी पीस कापला, पिशवीत घातला की मी हाक मारायची, “इकडे आणा हो ताई, फॉल लावायचाय ना?” साडी माझ्याकडे, पिशवी माझ्याकडे. हे चहाला गेले किंवा टीव्हीकडे वळले की मी उठून बरोबर थान काढायचं, पीस फाडायचा, ह्यांचा तुकडा मशीनच्या खणात. एखादीला फॉल नको असला तर, “थांबा, कापड पुरतंय का मोजून देते,” म्हणून पिशवी काढून घ्यायची. ह्यांना त्याचा भारी राग. “माझ्या मापावर पण संशय?” असं गिऱ्हाइकासमोर बोलायचे. मी ऐकून घ्यायची. चोर मी होते ना, चोराने कसलं भांडायचं.

त्याच वर्षी पेपरात मॅच फिक्सिंगचं गाजत होतं. बाजारात जो तो तेच बोलायचा. एक बाई ह्यांना हसत म्हणाली, “काका, तुमची पण मॅच फिक्स नाही ना?” हे गादीवरून छाती पुढे काढून म्हणाले, “आमच्या दुकानात असला धंदा चालत नाही.” मी दातात दोरा धरून खाली बघत बसले. हसू आवरताना सुई बोटात गेली.

खणात साठलेल्या तुकड्यांचं काय करायचं, हा प्रश्न होताच. मी त्यांचे उशांचे अभ्रे शिवले. मग पिशव्या शिवल्या, मग मशीनला झूल शिवली. घरात माणसं तीन आणि अभ्रे बघावेत तर धर्मशाळा. हे एकदा म्हणाले, “एवढ्या उशा कोणासाठी गं?” मी म्हटलं, “जावई आल्यावर लागतील.” ते उन्नतीला ऐकू गेलं आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शेवटी तिला सगळं सांगावं लागलं. ती आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, “आई, तू डेंजर आहेस.”

आता तेरेसाचं सांगते. तेरेसा वसईकडच्या गिरीजची, वाडीवाली. केळी, पालेभाजी, शेवग्याच्या शेंगा घेऊन विरारच्या बाजारात यायची आणि आमच्या पायरीशेजारी टोपली मांडायची. दुकान उघडलं त्या वर्षापासूनची मैत्री. ह्यांच्याशी भांडण करून न हरणारी बाई मी ती एकच पाहिली. दिवाळीनंतर एक दिवस ती टोपली न घेताच आली, चांगली साडी नेसून.

“आशाताई, आमच्या ज्युलिएटचं लगीन ठरलं. नाताळ झाल्यावर जानेवारीत.” आणि ह्यांच्याकडे वळून, “भाऊ, तिच्या सगळ्या मावश्या, माम्या, काक्या रिसेप्शनला एकसारख्या साड्या नेसनार हायत. लव्हेंडर. पोरीनेच रंग काढला. ब्लाउजचं कापड मात्र तुमच्याकडचं. मॅच तुम्हीच करायचा, दुसऱ्या कोनाचा माझा भरवसा नाय.”

लव्हेंडर. निळ्या-जांभळ्यातच तर ह्यांचा गोंधळ व्हायचा. ह्यांनी साडी घेतली, पायरीवर गेले, उजेडात धरली, मान तिरकी केली. मग आत येऊन मोठ्या थाटात एक थान खेचलं आणि साऱ्या मावश्या-माम्यांसाठी कात्री चालवली. राखाडी. पावसाळ्यातल्या ढगाचा राखाडी. तेरेसा तेव्हा माझ्याशी जेवणाच्या बेताविषयी बोलत होती, म्हणून वाचले. मी म्हटलं, “तेरेसाबाई, हे ओझं आता कुठे नेतेस? ह्याच्या कडा उसवतील. मी सगळ्याला पिको मारून ठेवते, शनिवारी ने.”

आमच्या रॅकवर तसा लव्हेंडर नव्हताच. उन्नती मुंबईला गेली, घाऊक बाजार पालथा घातला आणि अख्खं थान घेऊन आली. दुपारी हे जेवून आडवे झाले की मी कापायची. शनिवारी तेरेसा गठ्ठा घेऊन गेली. हे तिला म्हणाले, “मांडवात सांगा, कोणी केलंय मॅचिंग ते.” मी म्हटलं, देवा, सांभाळ रे बाबा.

ज्या डोळ्यांसाठी मी हा सगळा खेळ मांडला होता, ते शेवटी क्रिकेटच्या मॅचने बरे केले. झालं असं, ह्यांना टीव्हीवर बॉल दिसेना. धावा वाचता येईनात. ह्यांनी निदान केलं की टीव्ही बिघडला. मेकॅनिक आला, मागचं झाकण उघडलं, फुंकर मारली, बंद केलं. “काका, चित्र एकदम क्लियर आहे.” हे म्हणाले, “क्लियर? सगळं पिवळट दिसतंय, धूर सोडल्यासारखं.” तो दाराकडे जाता जाता म्हणाला, “टीव्हीला मोतीबिंदू होत नाही, काका. माणसाला होतो. माझ्या वडिलांना झाला होता.”

मी दोन वर्षं जे बोलायला धजले नाही ते त्याने उभ्या उभ्या सांगितलं, आणि वर व्हिजिट चार्ज घेतला. हे दोन दिवस धुमसले. तिसऱ्या दिवशी महत्त्वाची मॅच होती आणि ह्यांना कोण बॅटिंग करतोय हे शेजारच्या पोराला विचारावं लागलं. संध्याकाळी म्हणाले, “त्या डॉक्टरकडे नुसतं दाखवून येऊ.”

डिसेंबरात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डावा नंतर करायचा. हे घरी यायच्या आधी मी सगळे अभ्रे पेटीत कोंबले. पट्टी निघाली तेव्हा मी समोर उभी होते. ह्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलतील. म्हणाले, “तुझे केस इतके पांढरे कधी झाले?” कपाळ माझं. ऑपरेशनचा पहिला प्रसाद.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्याला धूळ नको, पाणी नको, उन्हात काळा चष्मा. नाताळ गेला, नवं वर्ष आलं, हे घरात बसून. दुकान मी आणि उन्नती बघत होतो. खरं सांगते, मला ते दिवस आवडले. ह्यांच्या पाठीमागे जे चोरून करायची ते उघड्यावर करता येत होतं. पण हे येऊन बसल्याशिवाय दुकानाला दुकानपण नव्हतं. बायका विचारायच्या, “काका ओरडायला कधी येणार?”

ते आले एका शनिवारी सकाळी. ज्युलिएटच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. काळा चष्मा लावून गादीवर बसले, रॅककडे पाहिलं, चष्मा काढला. मग उजवा डोळा मिटला. मग उघडला आणि डावा मिटला. मग पुन्हा उजवा. नेमकी तेव्हाच एक नवी बाई काउंटरशी आली. तिने पाहिलं, पांढऱ्या केसांचा माणूस आपल्याकडे बघून आळीपाळीने डोळे मारतोय. ती म्हणाली, “शोभतं का या वयात?” आणि तरातरा निघून गेली. ह्यांचं लक्षही नव्हतं.

“अगं इकडे ये,” ह्यांनी मला हाक मारली. “हा निळा ह्या डोळ्याने निळा दिसतो, आणि ह्या डोळ्याने शेवाळासारखा. हा पांढरा बघ. ह्याने पांढरा, त्याने साय धरल्यासारखा.” लहान मुलासारखे एकेक थान काढत होते, एकेक डोळा मिटत होते, हसत होते. मी पण हसत होते. किती छान दिसत होते. आणि तेवढ्यात हात राखाडी थानावर पडला.

ह्यांनी ते उजेडात नेलं. डावा डोळा मिटला.

“हा राखाडी आहे,” ते म्हणाले. “आशा, तेरेसाबाईंना मी ह्याच थानातून फाडून दिलं. लव्हेंडर म्हणून.”

तोंड उघडून सांगायचं होतं मला. पण दोन वर्षं तोंडाला कुलूप लावलं की ते एका झटक्यात निघत नाही. मी नुसतं “अहो, ऐका” एवढं म्हणाले. ते कुठले ऐकतात. रॅक धुंडाळायला लागले. खालच्या फळीवर उन्नतीने आणलेल्या थानाचा उरलेला भाग होता. तो सापडला. नवा डोळा, पहिलाच दिवस, आणि तरी बरोबर थान पंधरा निळ्या-जांभळ्यांतून उचललं ह्यांनी. “हा इथे होता आणि मी तो दिला,” असं पुटपुटत ते थान काखेत मारलं, काळा चष्मा चढवला आणि शटर खाली ओढायला लागले. भर शनिवारी, भर बाजाराच्या वेळी.

“कुठे निघालात?”

“गिरीजला. उद्या लग्न आहे. आज कापड पोचलं तर वाडीतले शिंपी बसून शिवतील. तोवर मी तेरेसाबाईंचे पाय धरीन.”

मी मागोमाग. पूल ओलांडून पश्चिमेला गेलो, वसईची एसटी पकडली. ऑपरेशन झालेल्या माणसाने धुळीत जाऊ नये, हे मी तीनदा सांगितलं, तीनदा वाऱ्यावर गेलं. खिडकीशी बसून हे स्वतःशीच बोलत होते. तेरेसाबाईंना काय सांगायचं त्याची तालीम चालली होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “एवढी मोठी चूक केली म्हणजे ह्याआधी किती केल्या असतील. बायका मला बोलल्या नसतील, बस्स. मी कुणाकुणाला ओरडलो ते आठवतंय मला. माफी मागून झाली की गाळा विकून टाकू. आता मला गादीवर बसायचा हक्क नाही.”

हेच. ह्यालाच मी दोन वर्षं घाबरत होते. आणि बघा, मी झाकून झाकून तेच समोर आणून ठेवलं होतं. आता खरं सांगावं तर, खरंच एवढ्या चुका होत्या हे कळणार आणि हा माणूस आणखी खचणार. न सांगावं तर गाळा विकणार. इकडे आड, तिकडे विहीर. मला एवढा राग आला, ह्यांचा, माझा, त्या लव्हेंडरचा. मी म्हटलं, “आधी साड्या बघा. मग काय विकायचं ते विका. मला वाटेत काही बोलू नका.” ते दचकले आणि खरोखर गप्प बसले.

गिरीजला तेरेसाच्या वाडीत मांडव पडला होता. केळीच्या बागेला लागूनच. एका बाजूला चुली पेटल्या होत्या, बँडवाले नारळाच्या झाडाखाली पेट्या सोडत होते, बायकांची नुसती लगबग. तेरेसाचा नवरा क्लेमेंट फुटबॉलवाला. तो खुर्च्या मांडता मांडता कालच्या मॅचमधला गोल पायाने करून दाखवत होता. आम्हाला बघून तेरेसा हात पुसत धावली. “भाऊ आले. उद्या यायचं सोडून आजच आले. आता जेवूनच जायचं.”

ह्यांनी थान खाली ठेवलं आणि हात जोडले. “तेरेसाबाई, माझ्या हातून मोठा घात झालाय. तुमचं कापड चुकलं. माझे डोळे गेले होते. ब्लाउज राखाडी आलेत ना? कोणी बोललं नाही का तुम्हाला?”

तेरेसाने माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली.

“राखाडी?” ती म्हणाली. “भाऊ, उन्हातून आलात, जरा बसा.” मग तिने आतून एक साडी आणि शिवलेला ब्लाउज मागवला. आणि दोन्ही उन्हात मधोमध खाटेवर टाकले. ह्यांनी चष्मा काढला. मी “अहो, ऊन” म्हणेपर्यंत ते वाकलेही. ब्लाउज साडीवर ठेवला. डावा डोळा मिटला. त्यावर खाली ठेवलेलं थान आणून ठेवलं. तिन्ही एकात एक मिसळून गेले.

“काल ज्युलिएटची सासूबाई येऊन गेली,” तेरेसा म्हणाली. “ती म्हनाली, बांद्र्याला पन असं मॅचिंग होत नाय.”

ह्यांनी ब्लाउज उलटा करून कडेचा पिको पाहिला. माझा टाका ते झोपेतसुद्धा ओळखतील. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, कसं ते मला सांगता येत नाही. मग थान तिथेच टाकून केळीच्या बागेकडे चालायला लागले.

तेरेसा म्हणाली, “जा तू. मी चहा पाठवते.”

बागेच्या बांधावर हे बसले होते, पाटाच्या पाण्याकडे बघत. मी बाजूला बसले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“कधीपासून?” ह्यांनी विचारलं.

“त्या नेव्ही ब्लूपासून.”

“म्हणजे तेव्हापासून सगळे तूच?”

“सगळे नाही,” मी म्हटलं. आणि हे मी समजूत घालायला म्हणाले नाही, खरंच सांगत होते. “लाल तुमचे. केशरी, पिवळे, डाळिंबी, मरून, सगळे तुमचे. त्यांना मी कधी हात लावला नाही. लावायची गरजच पडली नाही. एकदासुद्धा नाही.”

बँडवाले सूर लावत होते, एक ट्रंपेट नुसताच भोंगा वाजवत होता. मग हे म्हणाले, “म्हणजे निम्मं दुकान तू चालवत होतीस.”

“निम्मं नाही. निळं तेवढं.”

आणि हे हसले. आधी नाकातून, मग पोटातून, मग बांधाला हात टेकून. “आणि त्या उशा,” एवढंच म्हणता आलं, पुन्हा हसायला लागले. डोळ्यातून पाणी यायला लागलं. मी ओरडले, “पाणी नको सांगितलंय डॉक्टरांनी, पुसा आधी, हाताने नको, पदराने.” माझ्या पदराने मीच पुसलं. माझेही डोळे कुठे कोरडे होते. एवढी वर्षं संसार केला, पण असं एकमेकांशेजारी बसून मोकळं हसलो नव्हतो. मला फार बरं वाटलं. दोन वर्षांचं ओझं डोक्यावरून उतरलं.

पण गाळ्याचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. मनात मात्र तेच. हसणं वेगळं आणि उद्या सकाळी शटर वर करणं वेगळं.

मांडवात परत आलो तर बायका आमची वाटच बघत होत्या. तेरेसाची धाकटी बहीण सेलिन एक साडी घेऊन पुढे आली. लग्न झाल्यावर माहेरच्या जेवणाला नेसायची होती, आणि तिला ब्लाउज मिळत नव्हता. निळी, पण हिरव्याकडे झुकलेली, काठ बारीक. “भाऊ, ह्याला काय मॅच होईल?”

ह्यांनी साडी घेतली. सवयीने उजेडाकडे वळले. डोळा मिटला. उत्तर अगदी ओठांवर आलं होतं, मला दिसत होतं. पण साडी माझ्या हातात दिली आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाले, “निळ्याचं हिला विचारा. निळ्याचं मॅचिंग आमच्याकडे आशा करते.”

एवढ्या माणसांत ह्यांनी माझं नाव कधी घेतलं नव्हतं. ‘ही’ आणि ‘इकडे ये’ यावरच माझा जन्म गेला. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी साडी उगाच दोनदा उलटसुलट केली, घसा खाकरला आणि म्हटलं, “चिंतामणी.”

“चिंतामणी?” हे म्हणाले.

“हो, चिंतामणी.”

“बघ नीट. मोरपंखी आहे तो.”

“आत्ताच म्हणालात ना, हिला विचारा?”

“विचारा म्हणालो. चुकीचं सांग म्हणालो नाही.”

“माझे दोन्ही डोळे चांगले आहेत.”

“माझा एकच आहे, पण नवा आहे. चिंतामणीला हिरवी झाक नसते. दादरला पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. सोमवारी दुकानात दोन्ही थानं शेजारी मांडून दाखवतो तुला. दाखवतोच.”

सोमवारी दुकानात, म्हणाले. आवाज चढला होता, नाक वर गेलं होतं, मान तिरकी झाली होती. सेलिन बिचारी एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तेरेसा तोंडाला पदर लावून हसत होती. मी पण आवाज चढवला. म्हटलं, मांडा, शंभर थानं मांडा, मी काय भिते का. बँड सुरू झाला तरी आमचं चालूच होतं, आता ओरडून.

खरं म्हणाल तर मोरपंखीच होता तो. मला तेव्हाच दिसलं. पण मी काही कबूल केलं नाही.